बीएस-६ गाडीचा मूळ सायलेन्सर कापून घ्यावा, की दुसरा बसवावा?

विजापूर रोड (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. माझ्याकडे २०२१ सालची, ३५० सीसीची, एका सिलिंडरची बीएस-६ (धुराच्या नव्या मानकाची) गाडी आहे. पावसाळ्यानंतर सायलेन्सरच्या पोटाला, मागच्या टोकापासून वीतभर अलीकडे, गंज दिसू लागला होता. आता तिथे करंगळीचे टोक जाईल एवढे भोक पडले आहे आणि आवाज फाटल्यासारखा येतो. ओळखीच्या गॅरेजात दाखवल्यावर मिस्त्रींनी चार पर्याय सांगितले: मागचे तोंड कापून आतली पुंगळी (आवाज दाबणारी नळी) आणि जाळ्या काढायच्या व भोकावर पत्रा मारून पुन्हा वेल्डिंग करायचे, बेंड पाईप (इंजिनापासून सायलेन्सरपर्यंतचा पाईप) तसाच ठेवून मागे बाहेरच्या बनावटीचा आखूड स्टेनलेस सायलेन्सर लावायचा, बेंड पाईपसकट सगळाच संच बदलायचा, किंवा कंपनीचा नवा मूळ सायलेन्सर मागवायचा.

माझा रोजचा प्रवास जुळे सोलापुरातून अक्कलकोट रोड एमआयडीसीपर्यंत आणि परत, आणि अधूनमधून सपत्नीक तुळजापूर किंवा पंढरपूर. फटाके फोडणारी गाडी मला मुळीच नको. गल्लीत वयस्कर माणसे आहेत आणि मलाही ते आवडत नाही. मात्र खर्च करायचाच आहे तर आवाज थोडा जाड झाला आणि पिकअप सुधारला तर हवे आहे. ॲव्हरेज पडता कामा नये. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

चौथा गिअर

एवढा विचार करण्याचे कारण दिसत नाही. भोक पडलेल्या सायलेन्सरवर पैसे घालण्यापेक्षा पूर्ण संच बदलावा आणि त्यासोबत कॅटही (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारी जाळी) जाऊ द्यावा. मूळ संच नियमांच्या दडपणाखाली बनवलेला असतो. इंजिनाचा श्वास त्यात कोंडतो. बाहेरचा पूर्ण संच वजनाला हलका असतो, स्टेनलेसचा असल्याने गंजाचा प्रश्न मिटतो आणि वरच्या आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या) गाडी जी मोकळी पळते ती एकदा अनुभवली की मूळ सायलेन्सर पुन्हा लावावासा वाटत नाही.

लेथ आणि आटे

चौथा गिअर यांचे अर्धे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धे धागाकर्त्याच्या उपयोगाचे नाही.

पहिल्यांदा मूळ सायलेन्सरच्या आत काय असते ते पाहू, कारण 'पुंगळी काढून टाका' हे वाक्य आपल्याकडे फार सहज बोलले जाते. ग्राइंडरने सायलेन्सर उभा कापला की आत दोन-तीन कप्पे दिसतात, मध्ये आडव्या पत्र्याच्या भिंती असतात आणि त्या भिंतींतून भोके पाडलेल्या नळ्या गेलेल्या असतात. वायू सरळ बाहेर न जाता एका कप्प्यातून पुढे जातो, मागे वळतो आणि पुन्हा पुढे येतो. या फेऱ्यांत आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना मारतात. आता हिशेब करा. चार स्ट्रोकच्या एका सिलिंडरमध्ये दोन फेऱ्यांना एक स्फोट होतो, म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला २५ ठोके पडतात. इतक्या खालच्या पट्टीचा आवाज दाबायचा तर आतले घनफळ मोठे लागते, आणि म्हणूनच मूळ सायलेन्सर लांब, जाड आणि जड असतो. आखूड सायलेन्सरमध्ये भोकांची सरळ नळी आणि भोवती ग्लासवूल भरलेले असते. ग्लासवूल वरच्या पट्टीचा कर्कश आवाज चांगला शोषते, पण खालचा ठोका तसाच बाहेर सोडते. लोकांना जो 'जाड' आवाज वाटतो तो हाच आहे, आणि भिंतींमधून शेजारच्या घरात शिरतो तोही हाच.

दुसरा मुद्दा पिकअपचा. 'बॅक प्रेशर कमी झाले की ताकद वाढते' आणि 'बॅक प्रेशर नसले की ताकद जाते' अशी दोन्ही वाक्ये गॅरेजात एकाच दिवशी ऐकायला मिळतात. खरी गोष्ट अशी की एक्झॉस्ट व्हॉल्व उघडला की दाबाची लाट पाईपातून धावते, जिथे पाईप रुंद होतो तिथून उलटी लाट परत येते, आणि दोन्ही व्हॉल्व क्षणभर एकाच वेळी उघडे असताना ती पोचली तर जळका वायू खेचून घेते आणि ताज्या मिश्रणाला आत यायला मदत करते. ही वेळ एकाच आरपीएमच्या आसपास जुळते. ३५० सीसीच्या लांब स्ट्रोकच्या गाडीत कंपनीने ती खालच्या आरपीएमला जुळवलेली असते. बाजाजने पूर्वी पल्सरच्या बेंड पाईपवर जी 'एक्झॉसटेक'ची छोटी डबी दिली होती, तिचाही उद्देश खालच्या आरपीएमचा टॉर्क, म्हणजे ओढ, वाढवणे हाच होता. पुंगळी काढली की ही जुळणी मोडते. वर गाडी थोडी मोकळी वाटते, पण आसरा चौकात सिग्नल सुटल्यावर मागे माणूस बसलेले असताना जी ओढ लागते ती कमी होते. वीस अश्वशक्तीच्या इंजिनात चांगल्या पूर्ण संचाने पाच टक्के वाढ मिळाली असे धरले तरी ती एक अश्वशक्ती भरते, आणि तीही अशा आरपीएमला जिथे धागाकर्ते दिवसभरात क्वचितच जात असतील.

म्हणून पहिला पर्याय मी सरळ बाद करतो. कापलेला मूळ सायलेन्सर पुन्हा मूळ होत नाही.

आरसी बुक

कायद्याची बाजू थोडक्यात मांडतो, कारण या विषयावर ऐकीव माहितीच जास्त फिरते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२० नुसार प्रत्येक वाहनाला आवाज शक्य तितका कमी करणारा सायलेन्सर असणे बंधनकारक आहे. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला उत्पादनाच्या वेळी ८० डेसिबलची मर्यादा आहे आणि ते मोजमाप गाडी वेग वाढवत जात असताना साडेसात मीटरवरून घेतले जाते. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) प्रमाणे आवाजाच्या किंवा हवेच्या प्रदूषणाची मानके मोडणारे वाहन रस्त्यावर चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि त्याशिवाय तीन महिन्यांसाठी लायसन्स अपात्र, अशी २०१९ च्या दुरुस्तीनंतरची तरतूद आहे. परवानगी नसलेला फेरफार करणाऱ्या मालकाला कलम १८२अ(४) वेगळे लागू होते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही असे म्हटले आहे.

चौथा गिअर

आरसी बुक यांना माझा प्रश्न असा की, कलम ५२ मध्ये नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलू नयेत असे म्हटले आहे. माझ्या आरसीवर चॅसिस नंबर, इंजिन नंबर, रंग, इंधन, सीसी हे सगळे आहे, पण सायलेन्सरची नोंद कुठेच नाही. मग सायलेन्सर बदलणे हा फेरफार कसा ठरतो? शिवाय हे सायलेन्सर बाजारात उघडपणे, बिलासकट विकले जातात.

आरसी बुक

प्रश्न योग्य आहे. केवळ कलम ५२ वर बोट ठेवून सायलेन्सरसाठी कारवाई करणे कच्चे ठरू शकते हे मलाही मान्य आहे. तथापि कारवाईचा पाया कलम १९०(२) आणि नियम १२० हा आहे आणि तिथे आरसीवर काय छापले आहे हा प्रश्नच उद्भवत नाही. तुमची गाडी आवाजाच्या आणि धुराच्या मर्यादेत आहे की नाही एवढेच पाहिले जाते. कॅट काढलेली बीएस-६ गाडी धुराच्या मर्यादेत बसणार नाही, त्यामुळे तुमच्या सल्ल्यातील तो भाग बचावाच्या पलीकडचा आहे. दुकानात बिल मिळते याचा अर्थ वस्तू विकली गेली एवढाच होतो. विम्याबाबतही असेच आहे. फेरफार कळवलेला नसेल तर क्लेमच्या वेळी सर्व्हेयरच्या हातात एक आयते कारण पडते.

एक अवांतर: सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागांच्या खटखटीत लहानाचे मोठे झालेल्या आमच्यासारख्यांना आवाजाची भीती नाही. पण कारखान्याचा भोंगा झाला की माग थांबत असत. पुंगळी काढलेल्या गाड्यांना वेळकाळ नसतो.

विजापूर रोड (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. कॅटला हात लावायचा नाही हे निश्चित झाले. पण माझ्या गाडीत तो नेमका कुठे आहे हेच मला ठाऊक नाही. मिस्त्री म्हणतात सायलेन्सरमध्ये, शोरूमचा मुलगा म्हणतो बेंडमध्ये. हे घरी पाहता येते का?

लेथ आणि आटे

पाहता येते, आणि तुमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर त्याच पाहणीत आहे. गाडी पूर्ण थंड असताना सिलिंडर हेडपासून बेंड पाईपवरून हात फिरवत मागे या. कुठे पाईप फुगीर झाला असेल, म्हणजे गोल किंवा चपटा डबा लागत असेल, आणि त्याच्या पुढच्या बाजूला ऑक्सिजन सेन्सरची (धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या) वायर दिसत असेल, तर कॅट बहुधा तिथेच आहे. बेंड शेवटपर्यंत एकसारखा बारीक असेल आणि सायलेन्सर पुढच्या बाजूला विनाकारण जाड असेल, तर कॅट सायलेन्सरच्या तोंडाशी असू शकतो. काही गाड्यांत दोन्हीकडे असतो. जागा अशी पुढे असण्यामागे कारण आहे: कॅट अडीचशे-तीनशे अंश सेल्सिअसच्या पुढे गेल्याशिवाय धड काम करत नाही, म्हणून तो इंजिनाच्या जितका जवळ तितका लवकर तापतो. सायलेन्सर सोडवल्यावर त्याच्या तोंडातून टॉर्च मारा. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक जाळी दिसली तर वाद मिटला. शेवटची खात्री सुट्या भागांच्या कॅटलॉगमध्ये पार्ट नंबर पाहून करावी.

कॅट बेंडमध्ये असेल तर मागचा सायलेन्सर बदलल्याने धुरावर फारसा परिणाम होत नाही, आणि दुसरा पर्याय निदान विचारात घेता येतो. कॅट सायलेन्सरमध्येच असेल तर बाहेरचा कोणताही आखूड सायलेन्सर लावणे म्हणजे कॅट काढणेच आहे, मग तो कितीही गुळगुळीत पॉलिशचा असो. अशा वेळी चौथा पर्याय तेवढा उरतो.

जाता जाता सावध करतो. कुणी 'कॅट फुकटात काढून देतो' म्हणत असेल तर त्यात परोपकार नाही. त्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम यांचा थर असतो आणि भंगारात तिला वेगळा भाव मिळतो.

पालखी मार्ग

मी वर्षभरापासून कॅट बेंडमध्ये असलेल्या गाडीवर आखूड सायलेन्सर वापरतो आहे, डीबी किलर (तोंडात बसवायची आवाज कमी करणारी नळी) बसवलेला. गावात तो सुसह्य आहे. मात्र पंढरपूर रस्त्याला ताशी ऐंशीच्या आसपास एक अखंड घुमणारा आवाज हेल्मेटच्या आत भरतो, आणि मोहोळ येईपर्यंत डोके जड होते. वेग पाच-सात किलोमीटरने कमी-जास्त केला की तो नाहीसा होतो. विकत घेण्याआधी कुणी हे सांगत नाही, कारण गॅरेजात गाडी उभी असताना नुसती रेस करून दाखवतात. दुसरी अडचण लांबीची. मूळ सायलेन्सर मागच्या चाकापर्यंत जात असल्याने धूर मागे पडतो. आखूड सायलेन्सरचे तोंड मागे बसलेल्याच्या उजव्या पायाजवळ येते. सॅडल बॅग उजवीकडे टांगायची असेल तर मध्ये पत्र्याचा आडोसा लावावा लागतो, नाहीतर बॅगेचे कापड वितळते. सौभाग्यवतींना घेऊन जाणार असाल तर त्यांना आधी गाडीवर बसवून, पायाची जागा पाहून मगच पैसे द्या. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये हवाच त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांवर असते, त्यात ही धग नको वाटते.

चौथा गिअर

कॅटबाबत माझा आग्रह मी रस्त्यावरच्या गाडीपुरता मागे घेतो. ट्रॅकवर फिरवायच्या गाडीचा विषय वेगळा आहे. पण आखूड सायलेन्सर लावल्यास ईसीयूचा (इंजिन चालवणाऱ्या संगणकाचा) मॅप, म्हणजे त्यातले पेट्रोलचे कोष्टक, बदलावा लागेल का, याचे उत्तर इथे कुणी दिलेले नाही. बाजारात छोट्या डब्या मिळतात, ऑक्सिजन सेन्सरच्या वायरवर लावायच्या.

लेथ आणि आटे

एकसारख्या वेगात चालताना ईसीयू ऑक्सिजन सेन्सरचे ऐकून पेट्रोल कमी-जास्त करत असतो, त्यामुळे मागचा सायलेन्सर बदलल्याचा लहानसा फरक तो बहुतेक वेळा सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मात्र तो सेन्सरचे ऐकत नाही, आत भरलेल्या कोष्टकाप्रमाणे पेट्रोल देतो. तिथे पूर्ण मोकळा संच लावलेला असेल तर मिश्रण पातळ होते, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडते. त्यात आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल आहे, ज्याला तेवढ्याच हवेसाठी जास्त इंधन लागते. जुन्या मॅपवर या दोन्ही गोष्टी एकाच दिशेने ढकलतात. 'मोकळ्या सायलेन्सरने व्हॉल्व जळतो' असे जुने मिस्त्री म्हणतात ते निव्वळ खोटे नाही. सायलेन्सर व्हॉल्व जाळत नाही, पातळ मिश्रणाची उष्णता जाळते. त्या डब्यांबद्दल सांगायचे तर त्यांतल्या बऱ्याच डब्या सेन्सरचा संदेश बदलून ईसीयूला सरसकट जास्त पेट्रोल द्यायला लावतात. धागाकर्त्यांची ॲव्हरेजची अट तिथेच संपते.

आणखी एक महत्त्वाचे. थ्रॉटल सोडल्यावर जे बारीक फटाके वाजतात ते दर वेळी सायलेन्सरच्या बनावटीमुळे नसतात. सिलिंडर हेडपाशी किंवा सायलेन्सरच्या जोडाशी गॅस्केट (जोड हवाबंद करणारी चकती) गळत असेल तर दोन ठोक्यांच्या मधल्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते आणि पाईपात उरलेले पेट्रोल तिथेच पेटते. गळती सेन्सरच्या आधी, इंजिनाच्या बाजूला असेल तर सेन्सरला वाटते की मिश्रण पातळ आहे, ईसीयू पेट्रोल वाढवतो, आणि गाडीचा मालक नव्या सायलेन्सरला दोष देत बसतो. जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसला की गळती समजावी.

शेंगाचटणी अण्णा

सायलेन्सर कोणता घ्यायचा यावर बरेच झाले, पण जुना का सडला हे कुणी विचारले नाही. नवा घेऊन पुन्हा तेच व्हायचे. एक लिटर पेट्रोल जळले की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. गाडी लांब धावली तर सायलेन्सर तापून ती वाफ बाहेर निघून जाते. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सरचा मागचा भाग पुरेसा तापतच नाही, वाफेचे पाणी होऊन पोटात साठते आणि पत्रा आतून खातो. आपली हवा कोरडी, समुद्र शेकडो किलोमीटर दूर, तरी सोलापुरात सायलेन्सर सडतात ते यामुळे. हे पाणी जावे म्हणून कंपनी सायलेन्सरच्या तळाला दोन-तीन मिलिमीटरचे भोक ठेवते. पावसाळ्यात शेतरस्त्याने गाडी नेली की आपली काळी माती तिथे थापली जाते, वाळून दगड होते आणि भोक बुजते. धागाकर्त्यांचे भोक नेमके त्याच जागी पडले आहे असे वर्णनावरून वाटते. सायकलच्या तारेने ते महिन्यातून एकदा मोकळे करावे. वॉशिंग सेंटरवर सायलेन्सरच्या मागच्या तोंडात फवारा मारू देऊ नये, आणि धुऊन आणल्यावर गाडी पाच मिनिटे चालू ठेवून उभी न करता सरळ दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणावी.

पत्रा मारून घ्यायचा विचार असेल तर आधी भोकाभोवती स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहा. टणक आवाज आला तर वेल्डिंग धरेल. दबका आवाज आला किंवा पापुद्रे पडले तर पत्रा कागद झाला आहे, वेल्डिंगवाला जितका भरत जाईल तितके भोक मोठे होत जाईल.

विजापूर रोड (धागाकर्ता)

रविवारी सगळे पाहून घेतले. बेंडला इंजिनाखाली फुगीर डबा आहे आणि सेन्सर त्याच्या आधी आहे. पार्ट नंबरवरूनही कॅट बेंडमध्ये असल्याचे कळले. म्हणजे शोरूमचा मुलगा बरोबर होता. अण्णांनी सांगितल्याप्रमाणे ठोकून पाहिले तर भोकाभोवती चारही बाजूंनी पापुद्रे पडले, त्यामुळे पत्रा मारण्याचा प्रश्न उरला नाही. पाणी जायचे भोक खरोखरच मातीने बुजलेले होते आणि सडलेली जागा त्याच्या भोवतीच आहे.

आखूड सायलेन्सर लावलेली एका मित्राची गाडी होटगी रोडवर चालवून पाहिली. आवाज मला आवडला. मात्र सौभाग्यवती मागे बसल्यावर त्यांचा पाय ठेवायला अवघडला, आणि खालच्या गिअरमध्ये गाडी माझ्या गाडीइतकी ओढत नाही हेही जाणवले. त्यामुळे मागचा सायलेन्सर तेवढा कंपनीचा नवा मागवला आहे, बेंड तसाच राहील. बसवताना काय काळजी घ्यावी?

चौथा गिअर

निर्णय तुमचा आहे. मला मात्र तुमच्या जागी तोच पातळ आवाज पुन्हा पैसे देऊन विकत घ्यावासा वाटला नसता.

लेथ आणि आटे

जोडातले गॅस्केट नवेच घालावे. एकदा दबलेले गॅस्केट दुसऱ्यांदा नीट बसत नाही. क्लॅम्प आणि मागचा माउंटिंग बोल्ट आधी सैल ठेवून सायलेन्सर त्याच्या जागी ताण न देता बसतो का पाहावे, मग आधी जोडाचा क्लॅम्प आणि शेवटी मागचा बोल्ट आवळावा. उलट क्रमाने आवळले तर सायलेन्सर सतत ताणात राहतो आणि काही महिन्यांत ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा जातो. सिलिंडर हेडचे नट या कामासाठी उघडण्याची गरज नाही, आणि मिस्त्री उघडू लागले तर थांबवावे, कारण गंजलेला स्टड तिथे तुटला तर खर्च सायलेन्सरच्या पुढे जातो. गाडीवर काही वेल्डिंग करायचे ठरलेच तर तो भाग सोडवून बाहेर करावे. ते जमत नसेल तर बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि ईसीयूचा सॉकेट काढल्याशिवाय करू देऊ नये. पहिल्यांदा चालू करण्यापूर्वी क्रोमवरचे बोटांचे ठसे रॉकेल किंवा थिनरच्या फडक्याने पुसून कोरडे करा, नाहीतर ते भाजून कायमचे डाग राहतात. पन्नासेक किलोमीटर चालल्यावर, गाडी थंड असताना, क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्या.